दाराबाहेरून ऐकलेल्या रामटेकेबाई

आमच्या दवाखान्यात रामटेकेबाईंना काम करताना मी कधीच पाहिलं नाही. सात वर्षं आम्ही शेजारी काम केलं, मधे फक्त एक भिंत आणि एक दार. माझ्याकडे हातपाय मोडलेल्यांचे आणि खोकणाऱ्यांचे एक्स-रे, त्यांच्याकडे बायकांच्या छातीचे फोटो काढायची मशीन. कागदावर तिला मॅमोग्राफी म्हणत. दवाखान्यात सगळे 'बाईंची मशीन' म्हणत. आत पेशंट असताना कोणाही पुरुषाने त्या दारातून जायचं नाही हा बाईंचा नियम होता. तो मला लागू होता, डॉक्टरांना लागू होता, आणि एकदा ट्रस्टच्या अध्यक्षांनाही लागू झाला. त्यामुळे मला बाई माहीत आहेत त्या आवाजावरून.

आधी बादलीत पाणी ओतल्याचा आवाज. मग स्टूल सरकायचं. मग थोडा वेळ हळू बोलणं, त्यातलं मला काही कळत नसे. आणि मग बाईंचा तो खणखणीत गळा, "हालू नका बाई. श्वास धरा. धरा, धरा... सोडा!" असं एका बाईमागे चार वेळा. डावी-उजवी दोन्ही बाजूंचे दोन-दोन फोटो, एक वरून आणि एक तिरपा. चार वेळा 'सोडा' झालं की दार उघडायचं. कधीतरी पाचव्यांदा 'श्वास धरा' ऐकू यायचं, आणि मी हातातली एक्स-रे फिल्मची कॅसेट तशीच धरून उभा राहायचो. पाचवा म्हणजे बाईंना काहीतरी दिसलं.

दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. चंद्रपूरहून मूलकडे जाताना लागतो, एका ट्रस्टचा आहे, एवढं पुरे. मी अजून तिथेच नोकरीला आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी इतरांवर जे तोंडसुख घेणार आहे ते पगार घेत-घेत घेतलेलं आहे.

सुजाता रामटेके माजरीच्या. वडील कोळशाच्या खाणीत होते, म्हातारपणी कान गेले, त्यामुळे घरात सगळ्यांना ओरडून बोलायची सवय. बाईंचं साधं 'चहा घेतोस का' सुद्धा बाहेरच्या बाकावरचे लोक दचकून ऐकत. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हात कायम ओले. बोटांची टोकं सुरकुतलेली, धुणं धुणाऱ्या बाईसारखी. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना बाई म्हणायचो आणि त्या मला सरळ 'विलास' म्हणायच्या.

या कामात का आलात, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "माह्या बापाचा कोन्या शिबिरात छातीचा फोटो काढला होता. बाप म्हणे, झालं, तपासलं. लिफाफा दोन वर्षं पेटीत पडून होता. त्यात काय होतं ते कोनी पाह्यलंच नाई. पाह्यलं तवा बाप अर्धा झाला होता." मग चष्मा काढून कोटाला पुसला आणि पुढचं वाक्य बोलल्या. ते मी पुढे त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं. "फोटो काढला म्हणजे तपासलं नाई होत, विलास. कोनीतरी तो पाह्यला पायजे, आन् पाह्यलेलं त्या मानसापाशी पोचलं पायजे."

मशीन एका दानशूर कुटुंबाने दिलेली. फोटो इथे काढायचे, इंटरनेटवरून नागपूरला पाठवायचे, तिथले डॉक्टर ते बघून रिपोर्ट पाठवणार, अशी व्यवस्था. त्या डॉक्टरांना आम्ही कधी पाहिलं नाही आणि त्यांनी आमच्या बायकांना कधी पाहिलं नाही. सगळा घोळ या व्यवस्थेत होता, पण ते कळायला वेळ लागला.

पहिल्याच वर्षी वरोऱ्याच्या वच्छलाबाईंचा फोटो गेला. जिनिंगमध्ये कामाला जाणारी बाई, छातीत दुखतं म्हणून आलेली. नागपूरहून रिपोर्ट आला की बारीक पांढरे ठिपके दिसतात, संशयास्पद आहेत, ताबडतोब पाठवा. वच्छलाबाईंच्या घरी रडारड. तीन आठवडे त्या धड जेवल्या नाहीत. नवऱ्याने लेकीचं ठरत आलेलं लग्न थांबवलं. नागपूरला पुन्हा फोटो काढला तर ठिपके गायब! दुखतं म्हणून वच्छलाबाईंनी हळद-चुन्याचा लेप लावला होता. आपल्याकडे सूज आली, मुरगळलं, ठेच लागली की हळद आणि चुना. त्यात आमच्या बायकांचं काय चुकलं? पण चुना फोटोत पांढरा दिसतो, आणि रोगाचे ठिपकेही तसेच बारीक पांढरे दिसतात.

दवाखान्यात सगळे हसले. 'चुना लावला' म्हणून टिंगल केली. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. वच्छलाबाई परत आल्या तेव्हा त्यांना खुर्चीवर बसवून सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "चूक तुमची नाई, माही हाय. मी तुमाले पुसलंच नाई का लावलं म्हणून." आणि दुसऱ्या दिवसापासून बादली सुरू झाली.

बादली, पाण्याचा मग, साबण, चार पंचे आणि पाणी तापवायचा रॉड, एवढीच मागणी बाईंनी कागदावर लिहून दिली. व्यवस्थापकांनी तो कागद बैठकीत वाचून दाखवला. "ही एक्स-रेची खोली आहे की न्हाणीघर?" पुन्हा सगळे हसले. मला त्या हसण्याचा आज संताप येतो. मशीनवर घालायला मखमली आच्छादन आलं होतं, दात्यांच्या नावाची पितळी पाटी आली होती, आणि बाईला स्वच्छ करून फोटोला उभं करायला साबण मागितला तर तो विनोद! बाईंनी सगळं घरून आणलं. प्रत्येक बाईला कोमट पाण्याने काखेपासून खालपर्यंत त्या स्वतः पुसून घ्यायच्या. चुना, पावडर, राख, कसला पाला, जे असेल ते. बायका लाजायच्या, बाई दटावायच्या. "लाजू नोका. तुमच्या मायनं नाई धुतलं का तुमाले?"

धुताना एक कागद भरायच्या. कागदावर दोन गोल काढलेले. कुठे तीळ, कुठे जुना व्रण, कुठे गोंदण, कुठे दुखतं, कुठे लेप होता, सगळं त्यावर खुणेने. तिळावर सायकलच्या फ्रीव्हीलमधला बारका छर्रा चिकटपट्टीने लावायच्या, म्हणजे फोटोत तो वाटोळा दिसेल आणि नागपूरकर त्याला गाठ समजणार नाहीत. छर्रे मीच आणून द्यायचो. माझा त्या खोलीशी तेवढाच संबंध.

मशीनमध्ये दाबतात म्हणून बायका घाबरायच्या. दारातून ऐकू यायचं, "दुखन बाई, खोटं नाई सांगत. पन घडीभर. कापसात सरकी लपून राह्यते ना, कापूस पिंजून पसरला तवा दिसते. तसंच हाय." कोवळ्या पोरींना मात्र त्या मशीनजवळ फिरकू देत नसत. एकदा राजुऱ्याहून एक नवरा तेवीस वर्षांच्या बायकोला घेऊन आला आणि मोठ्या मशीनवरच काढा म्हणून अडून बसला. बाई दारात आल्या. "तुही बायको लहान हाय. तिच्या वयात मांस दाट राह्यते, या फोटोत सगळं पांढरं दिसते. तिची सोनोग्राफी कर. गाठीत पानी हाय का मांस हाय ते त्यात कळते. मोठी मशीन म्हणजे मोठा डॉक्टर नाई." नवरा हट्टाला पेटला, तर बाईंनी त्याच्या तोंडावर दार लावलं, आणि त्याच्या बायकोला हाताला धरून सोनोग्राफीपर्यंत स्वतः सोडून आल्या.

अध्यक्षांची गोष्ट सांगायची राहिली. दात्यांचे पाहुणे आले होते, बरोबर फोटोग्राफर. मशीन 'वापरात असताना'चं छायाचित्र हवं होतं. अध्यक्ष दारावर टकटक करून म्हणाले, "रामटेके, पाच मिनिटं." आतून आवाज आला, "आत बाई हाय." अध्यक्ष म्हणाले, पाठमोरी घेऊ, चेहरा दिसणार नाही. दार चार बोटं उघडलं. बाई म्हणाल्या, "साहेब, तिच्या अंगावर कपडा नाई. तुमच्या घरची बाई आत असती तर या फोटोवाल्याले आनला असता का?" आणि दार लागलं. अध्यक्ष, पाहुणे, फोटोग्राफर सगळे बाकावर अर्धा तास बसले. व्यवस्थापक तोंड पाडून येरझारा घालत होते. मला इतका आनंद झाला होता की मी त्या दिवशी एका म्हाताऱ्याच्या डाव्या गुडघ्याऐवजी उजव्याचा एक्स-रे काढला.

तो अर्धा तास ते लोक विसरले नाहीत. त्यांनी फक्त वाट पाहिली.

सोमीबाई आत्राम आली ती ऐन मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत. एटापल्लीच्याही आत जंगलातलं गाव, तिथल्या आशाताईने दहा-बारा बायकांना जीपमध्ये घालून तपासायला आणलं होतं. सोमीबाई पन्नाशीची असेल. मराठी तुटकं बोलायची. डाव्या बाजूला दुखत होतं, तिथे हळद-चुना लावलेला. बाईंनी धुतलं, कागदावर डाव्या गोलात लिहिलं, 'चुना होता, धुतला.' चार फोटो गेले. दुपारी रिपोर्ट आला. त्यात होतं की ठिपके दिसतात, पण रुग्ण चुना लावत असल्याची नोंद आहे, बहुधा त्वचेवरचे कण, काळजीचं कारण नाही, एक वर्षाने पुन्हा दाखवा.

बाई कागद घेऊन माझ्या खोलीत आल्या. इतक्या ओरडल्या की माझ्या टेबलावर झोपवलेला पेशंट उठून बसला. "चुना डाव्या बाजूले होता! मी ह्या हातानं धुतला! ठिपके उजव्या बाजूले हायेत, विलास!"

त्यांनी नागपूरला फोन लावला. मी पलीकडचं ऐकलं नाही, पण बाईंच्या बोलण्यावरून कळत होतं. सहा वर्षं याच बाईंनी कागदावर 'चुना, चुना' लिहून त्या डॉक्टरांना शिकवलं होतं. आता त्यांना चंद्रपूर-गडचिरोलीकडचा ठिपका दिसला की चुनाच वाटायचा. कुठल्या बाजूचा ते कोण बघतो? शेवटी ते एवढं म्हणाले की जवळून मोठा केलेला फोटो पाठवा, मग बघतो.

आता मोठा फोटो काढायला मशीनवर एक वेगळं स्टँड बसवावं लागतं. ते मशीनसोबतच आलं होतं. सहा वर्षं ते खोक्यात, भांडारखोलीत, कुलपात होतं. का, तर कंपनीच्या माणसाने बसवून दिल्याची सही राहिली होती, म्हणून खोकं उघडायचं नाही! बाईंनी दरवर्षी अर्ज केला होता, दरवर्षी तो अर्ज स्टँडच्याच खोलीत जाऊन पडला असावा. भांडारपाल लग्नाला गेलेला. किल्ली व्यवस्थापकांकडे. बाई तीनदा गेल्या, मी तीनदा त्यांना रिकाम्या हाताने परत येताना पाहिलं. तिसऱ्यांदा व्यवस्थापक म्हणाले, "बाई, रिपोर्टमध्ये काळजी नाही लिहिलंय. तुम्ही डॉक्टर आहात का? सोमवारी लेखी द्या."

सोमवारपर्यंत सोमीबाई कुठली थांबायला? जीप तीनला निघणार होती. ती बाकावर बसून पदराशी चाळा करत होती. "इकडं दुखते," डावीकडे हात ठेवून म्हणाली. "तिकडं नाई दुखत. मी जाते बाई. मोह पडून राह्यले. गुरं खाऊन टाकतीन." तिचं खरं होतं. न दुखणाऱ्या बाजूसाठी कोण थांबतं? आणि गेली असती तर वर्षभर आली नसती, कदाचित कधीच नाही.

बाई माझ्या खोलीत आल्या, ड्रॉवर उघडला, माझा मोठा पेचकस घेतला आणि गेल्या. मी विचारलं नाही. भांडाराचं कुलूप त्यांनी फोडलं नाही, कडीचे स्क्रू काढले, कडी-कुलूप एकत्र खाली ठेवलं. खोकं स्वतः उचलून आणलं. मग दार लागलं, आणि मी भिंतीपलीकडून पाचवा 'श्वास धरा' ऐकला. आणि सहावा. आशाताईची जीप बाहेर हॉर्न देत होती. बाईंनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "हॉर्न वाजवू नोको, तिचा श्वास हालते!"

पाचच्या आत नागपूरहून फोन आला. या वेळी डॉक्टरांचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. ठिपके त्वचेवरचे नव्हते, आतले होते, एका जागी दाटीने होते. सुईने तुकडा काढून तपासा म्हणाले. जीप तोवर थांबवून घेतली होती, ती बाकीच्या बायकांना घेऊन गेली. बाईंनी सोमीबाईला स्वतःच्या घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन नागपूरला गेल्या. निघाला तो कॅन्सरच, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं. महिन्याभराने सोमीबाई आपल्या गावी मोह वाळवत होती, असं आशाताईने फोनवर सांगितलं.

म्हणजे एका बाईचा जीव वाचला. आता त्या बाईला वाचवणारीला दवाखान्याने काय द्यावं? चौकशी दिली! 'भांडारातील मालमत्तेची विनापरवानगी हाताळणी.' समितीत तीन पुरुष. ते मखमली आच्छादनावर हात फिरवत खोलीची पाहणी करून गेले, बादलीकडे बघून एकाने नाक मुरडलं. मलाही बोलावलं. बाईंनी किल्ली मागितली होती का, रामटेके यांना हत्यार कोणी दिलं, याबाबत काय माहिती आहे ते लिहून द्या.

मी लिहून दिलं, 'मी सदर खोलीत जात नाही. सबब मला याबाबत माहिती नाही.'

यातल्या पहिल्या वाक्याचा शब्दन् शब्द खरा आहे. मी त्या खोलीत जात नव्हतो. पण तीन वेळा किल्ली मागून नाकारलेली मी बघितली होती, आणि पेचकस माझा होता. एवढं जरी लिहिलं असतं तरी कदाचित प्रकरण ताकिदीवर मिटलं असतं. माझ्या मुलीचं बारावीचं वर्ष होतं, घराचं काम निघालं होतं, ही कारणं मी स्वतःला दिली. आज ती लिहितानाही माझाच मला राग येतो. बाईंनी आपल्या जबाबात पेचकसाबद्दल लिहिलं होतं, 'हाताला लागला तो घेतला.' माझं नाव नव्हतं.

बाईंची बदली सिरोंच्याच्या उपकेंद्रात झाली. तिथे छातीचे-हाडांचे एक्स-रे काढायची एक जुनी मशीन आहे. मॅमोग्राफी नाही. अख्ख्या ट्रस्टमध्ये जिला ही मशीन कळते ती एकमेव बाई, आणि तिला जिथे ही मशीन नाही तिथे पाठवलं! जाताना त्यांनी बादली सोडून सगळं घेतलं. बादली मला दाखवून म्हणाल्या, "नवीन येईन तिले सांगजो, पानी कोमट लागते. थंड्या पान्यानं अंग आखडते, फोटो बराबर येत नाई."

नवीन कोणी आलीच नाही. 'लवकरच महिला तंत्रज्ञ' अशी चिठ्ठी दारावर लागली आणि तिची टोकं पिवळी पडली. मशीनवर आच्छादन. पाटी मात्र दर पंधरवड्याला चिंचेने घासतात.

दोन महिन्यांनी पहिला कागद आला. सिरोंच्याजवळच्या अंकिसाहून एक बाई एवढ्या लांबून बस बदलत आली आणि तिने कमरेच्या पिशवीतून घडी काढून माझ्या हातात दिली. दोन गोल, उजव्या गोलात वरच्या बाजूला फुली, खाली बाईंचं अक्षर. 'गाठ हाताला लागते. फोटो काढणे. चुना नाही.' सिरोंच्यात खोकल्याचा एक्स-रे काढायला येणाऱ्या प्रत्येक बाईला रामटेकेबाई विचारत होत्या, तिथल्या डॉक्टरीणबाईंकडून तपासून घेत होत्या आणि शंका आली की कागद भरून आमच्याकडे पाठवत होत्या. मी त्या बाईला सांगितलं, मशीन बंद आहे, नागपूरला जा. पत्ता लिहून दिला. तिला वाचता येत नव्हतं. ती गेली. कुठे गेली मला माहीत नाही.

मी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. बाईंना फोन करायचा होता. उद्या करू म्हटलं. मग दुसरी आली, मग तिसरी. जितके कागद वाढले तितका फोन जड झाला.

मोहाच्या दिवसांत सोमीबाई आली. एकटी, वर्षाचा फोटो काढायला. बंद दाराकडे बघत बाकावर बसून राहिली. मी म्हटलं, बाई नाहीत, मशीन बंद आहे, पुढच्या महिन्यात ये. तिला नीट कळलं नसावं. तिने मला विचारलं, "पानी गरम नाई झालं?" मी नाही म्हटलं. ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

त्यानंतर आठ दिवसांनी मला सिरोंच्याला जावं लागलं. किरणं मोजायचे बॅज आम्ही छातीला लावतो, ते ठरावीक दिवसांनी बदलावे लागतात. नेणारा माणूस आजारी होता. नऊ कागद मी बॅगेत घातले. का घातले ते तेव्हा ठरवलं नव्हतं.

बाई मला बघून खूश झाल्या. "जय भीम! आला का रे!" अख्ख्या व्हरांड्याने मागे वळून पाहिलं. त्या थोड्या वाळल्या होत्या, तेलुगू मात्र झकास बोलायला लागल्या होत्या. चहा सांगितला, मुलीची चौकशी केली, मार्कं किती पडली ते विचारलं. चौकशी समितीचं नावही काढलं नाही. मग बॅज सहीने घेता घेता म्हणाल्या, "माह्या बाया येतात ना तुमच्याकडं? बराबर पोचतात ना? कोन आली रे नवीन? पोरगी चांगली हाय का?"

मी बॅगेतून कागद काढून टेबलावर ठेवले.

बाईंनी वरचा उघडला. मग दुसरा. प्रत्येकीचं नाव मोठ्याने वाचत गेल्या. नऊ झाल्यावर चष्मा वर केला.

"हे तुह्यापाशी कसे?"

"मशीन बंद आहे बाई. तुम्ही गेल्यापासून."

"आन् ह्या?"

"नागपूरला जायला सांगितलं."

"गेल्या का?"

"माहीत नाही."

"तू मले फोन काऊन नाई केला?"

माझ्या तोंडून खरं निघालं, आणि ते खरंच दळभद्री होतं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मले?" बाई उभ्या राहिल्या. "मले वाईट वाटन म्हणून? ह्या बाईच्या काखेत गाठ हाय, विलास! हिची लेक पाचवीत हाय! मी ह्याइले बंद दारावर धाडून राह्यली होती, आन् तू कागद जपून ठेवून राह्यला होता? कोनासाठी जपले? माह्यासाठी?" व्हरांड्यातलं बोलणं थांबलं होतं. "माह्या बापाचा लिफाफा बी असाच जपून ठेवला होता!"

मग त्यांना अचानक आठवलं.

"सोमी? तिचा वर्षाचा फोटो?"

मी खाली बघितलं. बाईंना उत्तर कळलं. कळल्याबरोबर त्यांनी तो गठ्ठा उचलून माझ्या छातीवर आदळला.

"पहिले सोमीकडं जाय. बसनं, जीपनं, पायी, कसा बी जाय. तिले नागपूरले घेऊन जाय, तू स्वोता, पत्ता लिहून नाई. मंग ह्या नऊ. हरेकीच्या दारात उभा राह्य आन् सांग, मशीन बंद होती आन् मले माहीत होतं. हेच सांगजो. दुसरं काई सांगू नोको."

आणि वळून व्हरांड्यात हाक मारली. एक तरणी बाई लेकराला सासूकडे देऊन आत गेली. दार लागलं. मी पुन्हा बाहेर.

पाणी ओतल्याचा आवाज आला. स्टूल सरकलं. मग तोच गळा, तेच शब्द, पण तेलुगूत, "ऊपिरि पट्टु अम्मा... पट्टु, पट्टु... वदुलु!" एकदाच. इथे एकच फोटो लागतो.

दार उघडलं ते अर्धवट, आणि त्या फटीतून इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी बाईंना काम करताना पाहिलं. कोपऱ्यात एक नवी लाल बादली होती, तिच्यातून वाफ निघत होती. बाह्या दुमडलेल्या, ओल्या हातांनी बाई त्या पोरीच्या पाठीवर पदर नीट करत होत्या, आणि दोन गोल काढलेला कागद टेबलावर तयार होता. त्यांनी वर पाहिलं.

"अजून इथीच उभा हायेस?"